शिंपुलीच्या बाळाचं नाव

कान इकडे करा बरं. बोटं मांडीवर ठेवा. खाऊ नंतर, आधी गोष्ट.

एक होती शिंपुली. शिंपुली म्हणजे शिंपी पाखरू. केवढी? आईच्या अंगठ्याएवढी! शेपटी मात्र सदा वर. आणि चोच म्हणजे सुईच. भोक पाड, दोरा ओढ, टाका घाल. भोक पाड, दोरा ओढ, टाका घाल. असं पान शिवायचं, आत कापूस भरायचा, की झालं तिचं घर.

ती राहायची खालच्या आळीत. तिथे येसूमावशीच्या न्हाणीमागे कर्दळ होती. कर्दळीचं एक मोठ्ठं पान शिंपुलीनं शिवलं होतं. वारा आला की पान डुलायचं. पान डुललं की घर डुलायचं. घरात होतं एक अंडं. एकच. शेंगदाण्याएवढं. निळं निळं, वर तांबूस ठिपके.

शिंपुली अंड्यावर बसायची आणि त्याच्याशी गप्पा मारायची.

"बाळा, गार लागतं का रे?"

आतून यायचं, "टुक!"

"बाळा, भूक लागली का गं?"

आतून यायचं, "टुक!"

कधी 'रे' म्हणायची, कधी 'गं' म्हणायची. आत मुलगा आहे की मुलगी, तिला कुठे ठाऊक होतं? पण टुक आलं की तिचं पोट भरायचं.

आता त्या आळीची एक रीत सांगते. तिथे बातमी सांगायचा कोंबडा. येसूमावशीच्या दगडी कुंपणावर चढायचा, मान ताणायचा आणि ओरडायचा, "कुकूच कू! ऐका हो ऐका!" कोणाची म्हैस व्याली, कोणाची चप्पल हरवली, कोणाकडे पाहुणे आले, सगळं कोंबडा सांगायचा. आळीत बाळ आलं की बारसं व्हायचं. बाळाच्या कानात कुर्र करायचं, नाव ठेवायचं. मग कोंबडा ते नाव कुंपणावरून सांगायचा. कोंबड्यानं नाव सांगितलं की ते बाळ साऱ्या आळीचं झालं.

शहाणी माणसं काय करतात? बाळ आलं की मग बारशाला बोलावतात. पण आमच्या शिंपुलीला कुठला दम! आनंद पोटात मावेना. पिल्लू अजून अंड्यात, आणि ही निघाली बोलावणं करायला.

"कोंबडेदादा, कोंबडेदादा, उद्या माझं बाळ बाहेर येणार! उद्या संध्याकाळी बारसं! सगळ्यांना सांग!"

कोंबडा दिवसभर ओरडला. "कुकूच कू! ऐका हो ऐका! उद्या शिंपुलीकडे बारसं!" इकडे तोंड करून ओरडला, तिकडे तोंड करून ओरडला. आणि मग काय, आळीत नुसती गडबड उडाली. शेवग्यानं वाळक्या शेंगा राखून ठेवल्या. बाळाला खुळखुळे हवेत ना! येसूमावशीनं घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले. आठ पायांचे कोळीकाका म्हणाले, पाळण्याची दोरी माझी. शेळी म्हणाली, मी येणार, पुढेच बसणार.

रात्र सरली. सकाळ झाली. आणि सकाळी आला वारा.

साधासुधा नव्हे. दांडगा वारा! सूं सूं सूं! धूळ उडाली, पत्रे वाजले, कर्दळ वाकडीतिकडी झाली. शिंपुलीनं पंख पसरले. अंडं पोटाखाली घेतलं. "हलू नको हं बाळा. आई आहे."

पण टाका तुटला. एक तुटला, दुसरा तुटला. पान उसवलं. शिंपुली एकीकडे पडली, अंडं एकीकडे पडलं. खाली होता धुण्याचा दगड.

टिच्च!

वारा निघून गेला. सगळं गप्प झालं. शिंपुली दगडापाशी आली. टरफलाचा एक तुकडा इकडे, एक तुकडा तिकडे. तिनं चोचीनं तुकडा हळूच हलवला.

"बाळा?"

टुक आलं नाही.

"बाळा, आई आहे ना गं. बोल ना रे."

टुक आलं नाही.

मग शिंपुली रडली. खूप रडली. रडू आलं की रडावं, त्यात काय एवढं.

रडता रडता तिला आठवलं. अगंबाई! संध्याकाळी सगळे येतील! खुळखुळे वाजवत येतील. पानात डोकावतील. "बाळ कुठाय गं?" म्हणून विचारतील. एकेकाला मी कसं सांगू? माझ्या तोंडून निघणारच नाही. त्यापेक्षा कोंबडाच सांगू दे. एकदाच सांगू दे. आज बारसं नाही म्हणावं, कोणी येऊ नका म्हणावं.

तिनं टरफलाचे दोन्ही तुकडे कापसात ठेवले. आणि ती निघाली. रोज कशी जायची? भुर्र! आज पंख उचलेनात. आज ती चालतच निघाली.

टुण टुण टुण.

टुण टुण टुण.

कुंपणावर कोंबडा बसला होता. शिंपुली म्हणाली:

"वारा आला, टाका तुटला.
पान उसवलं, अंडं फुटलं.
कोंबडेदादा, कोंबडेदादा, बातमी सांग!"

कोंबड्यानं चोच उघडली. आवाज आला, "खर्र, खर्र."

"अरेरे, वाईट झालं गं! पण माझंही बघ ना. तुझ्या बारशाचं सांगून सांगून घसा बसला. बांग निघतच नाही. शेळीकडून दूध आण. कोमट दूध पिईन, घसा सुटेल, मग सांगेन."

काय करणार बिचारी? निघाली.

टुण टुण टुण.

टुण टुण टुण.

गोठ्यात शेळी उभी होती. शिंपुली म्हणाली:

"वारा आला, टाका तुटला.
पान उसवलं, अंडं फुटलं.
कोंबडा बातमी सांगेना.
शेळीबाई, शेळीबाई, दूध दे!"

शेळी म्हणाली, "बेंऽऽ! अरेरे, वाईट झालं गं! पण माझंही बघ ना. वाऱ्यानं माझी चाऱ्याची पेंढी उडवून नेली. सकाळपासून पोटात काडी नाही. दूध येणार कुठून? शेवग्याकडून पाला आण. पाला खाईन, मग दूध देईन."

शिंपुलीनं काय केलं? मान खाली घातली आणि निघाली.

टुण टुण टुण.

टुण टुण टुण.

परसात शेवगा उभा होता. शिंपुली म्हणाली:

"वारा आला, टाका तुटला.
पान उसवलं, अंडं फुटलं.
कोंबडा बातमी सांगेना.
शेळी दूध देईना.
शेवगादादा, शेवगादादा, पाला दे!"

शेवग्याच्या वाळक्या शेंगा हलल्या. खुळखुळ, खुळखुळ. तो आवाज ऐकला मात्र, शिंपुलीचे डोळे भरून आले. शेवग्यानं घाईघाईनं फांद्या आवरल्या.

"अरेरे, वाईट झालं गं! पण माझंही बघ ना. वाऱ्यानं माझी माती उडवली. मुळं उघडी पडली. अंगाची आग होतेय. विहिरीकडून पाणी आण. मुळं भिजली की पाला देईन."

ऊन चढलं होतं. वाट तापली होती. पाय पोळत होते. तरी शिंपुली निघाली.

टुण टुण टुण.

टुण टुण टुण.

आळीच्या टोकाला विहीर होती. शिंपुली काठावर बसली. खाली वाकून म्हणाली:

"वारा आला, टाका तुटला.
पान उसवलं, अंडं फुटलं.
कोंबडा बातमी सांगेना.
शेळी दूध देईना.
शेवगा पाला देईना.
विहीरबाई, विहीरबाई, पाणी दे!"

विहीर खोल. तिच्या आतून आवाज घुमला. "अंडं फुटलंऽऽ... फुटलंऽऽ..." शिंपुलीनं डोळे मिटून घेतले. आपलंच बोलणं पुन्हा ऐकायला लागलं की फार लागतं बाई.

विहीर म्हणाली, "अरेरे, वाईट झालं गं! पण माझंही बघ ना. पाणी आहे भरपूर, पण मी वर कशी येऊ? मला काय हात आहेत? येसूमावशीला बोलाव. तिनं घागर भरली तर पाणी देईन."

शिंपुली उठली. तिला धाप लागली होती. सावल्या लांब व्हायला लागल्या होत्या. संध्याकाळ आता फार दूर नव्हती, आणि बातमी अजून कोणी सांगितली नव्हती.

टुण टुण टुण.

टुण टुण टुण.

येसूमावशी ओसरीवर बसली होती. मांडीवर तिची चुंबळ होती. चुंबळ म्हणजे काय? कापडाची गोल गोल गुंडाळी. ती डोक्यावर ठेवायची, तिच्यावर घागर ठेवायची. मग घागर डोक्याला टोचत नाही. शिंपुली म्हणाली:

"वारा आला, टाका तुटला.
पान उसवलं, अंडं फुटलं.
कोंबडा बातमी सांगेना.
शेळी दूध देईना.
शेवगा पाला देईना.
विहीर पाणी देईना.
येसूमावशी, येसूमावशी, घागर भर!"

मावशीनं कपाळाला हात लावला. "अगं माझे आई! अरेरे, वाईट झालं गं! पण माझंही बघ ना. चुंबळ वाळत घातली होती, ती वाऱ्यानं नेली नि काट्यावर फाडली. भरली घागर डोक्यावर ठेवू कशी? आणि घरात दोरा नाही. कुठून तरी धागा आण. चुंबळ शिवली की घागर भरते हो."

बघा म्हणजे! सगळे म्हणतात अरेरे. आणि सगळे म्हणतात पण. कोणी खोटं बोलत नव्हतं हो. वाऱ्यानं सगळ्यांचंच काही ना काही नेलं होतं. पण अंगठ्याएवढ्या पाखरानं चालायचं तरी किती?

टुण... टुण... टुण.

टुण... टुण... टुण.

गोठ्याच्या मागे, मोडक्या खिडकीत कोळीकाका बसले होते. आठ पाय पोटाशी घेऊन बसले होते. शिंपुली म्हणाली:

"वारा आला, टाका तुटला.
पान उसवलं, अंडं फुटलं.
कोंबडा बातमी सांगेना.
शेळी दूध देईना.
शेवगा पाला देईना.
विहीर पाणी देईना.
मावशी घागर भरेना.
कोळीकाका, कोळीकाका, धागा द्या!"

कोळीकाका म्हणाले, "अरेरे."

शिंपुली वाट बघत राहिली. आता काका म्हणतील, पण. आता म्हणतील, माझंही बघ ना.

काका म्हणाले, "ये. बस जरा."

एवढंच म्हणाले. शिंपुली त्यांच्याजवळ बसली. बसली तेव्हा तिला दिसलं. खिडकीत जाळं नव्हतंच! वाऱ्यानं सगळं जाळं फाडून नेलं होतं. एकच धागा उरला होता, तोही लोंबत होता.

शिंपुली हळूच म्हणाली, "काका, माझा टाका कच्चा होता का हो? मी नीट शिवलं नाही का? म्हणून बाळ पडलं का?"

कोळीकाकांनी मान हलवली. "मलाही सकाळपासून तेच वाटतंय बघ. माझं विणकाम कच्चं होतं का म्हणून. काय सांगू तुला?"

थोडा वेळ दोघं मिळून रडली. मग काकांनी तो लोंबता धागा तोडला आणि शिंपुलीच्या चोचीत दिला.

"काका, हा तर तुमचा एकच धागा!"

"घेऊन जा. माझं जाळं उद्या होईल. तुझी बातमी आजच सांगायला हवी."

आता ऐका हं. आता गोष्ट मागे फिरते.

शिंपुली धागा घेऊन निघाली. टुण टुण टुण. ओसरीवर गेली. चुंबळीवर बसली. भोक पाड, दोरा ओढ, टाका घाल. भोक पाड, दोरा ओढ, टाका घाल.

येसूमावशीनं चुंबळ हातात घेतली. इकडून ओढली. टाका हलला नाही. तिकडून ओढली. टाका हलला नाही. दोन्ही हातांनी ताणली. तरी टाका जागचा हलला नाही.

मावशी म्हणाली, "शिंपुले, इकडे बघ. तुझा टाका पक्का आहे गं बाई. वाराच दांडगा होता. तुझं काही चुकलं नाही. ऐकलंस का?"

शिंपुलीनं ऐकलं. तिनं श्वास सोडला. सकाळपासून धरून ठेवला होता जणू.

मावशी म्हणाली, "आणि मी बघ कशी! तुझं सगळं ऐकलं, आणि तुलाच कामाला लावलं. चल, आता चालू नकोस. खांद्यावर बस माझ्या."

मावशीनं चुंबळ डोक्यावर ठेवली. विहिरीवर गेली. विहिरीनं पाणी दिलं. बुडबुड, बुडबुड! घागर भरली.

विहीर म्हणाली, "मीही येते हो तुझ्याकडे. घागरीत बसून येते."

मावशीनं शेवग्याच्या मुळाशी माती सारली. वर अर्धी घागर ओतली. घळघळ, घळघळ! मुळं भिजली. शेवग्यानं पाला दिला. सळसळ, सळसळ!

शेवगा म्हणाला, "मला येता येत नाही गं. पण माझी ही फांदी घेऊन जा. मी आलो असं समज."

शेळीनं पाला खाल्ला. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम! शेळीनं दूध दिलं. चुर्र चुर्र, चुर्र चुर्र!

शेळी म्हणाली, "मी पुढे बसणार नाही. मागे बसेन. पण येईन."

मावशीनं दूध चुलीवर कोमट केलं. द्रोणात ओतलं. कोंबडा दूध प्यायला. चुटुक चुटुक, चुटुक चुटुक! कोंबड्याचा घसा सुटला.

धाग्यानं चुंबळ शिवली. चुंबळीवर घागर चढली. घागरीनं शेवगा भिजला. शेवग्यानं शेळी जेवली. शेळीनं कोंबडा बोलता झाला. झालं ना सगळं?

कोंबडा कुंपणावर चढला. मान ताणली. खाली वाकून विचारलं, "बोल शिंपुले, काय सांगू?"

शिंपुली म्हणाली, "सांग दादा. आज बारसं नाही. कोणी येऊ नका."

कोंबड्यानं समोर बघितलं. आणि चोच मिटली.

"सांगू कोणाला गं? मागे वळून बघ जरा."

शिंपुलीनं वळून बघितलं. न्हाणीमागे सगळी आळी जमली होती. शेळी आली होती. शेवग्याची फांदी आली होती. विहिरीचं पाणी आलं होतं घागरीतून. कोळीकाका भिंतीवरून हळूहळू उतरत होते. शेळीनं खारीला सांगितलं होतं, खारीनं साळुंक्यांना सांगितलं होतं, विहिरीनं बेडकाला सांगितलं होतं. तेही सगळे आले होते. कोणाच्या हातात खुळखुळा नव्हता. "बाळ कुठाय?" असं कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. एकेकाला कसं सांगू म्हणत होती ना शिंपुली? दारोदार फिरून तिनं एकेकालाच तर सांगितलं होतं.

कोंबडा म्हणाला, "शिंपुले, मला नुसतं 'बारसं नाही' असं सांगता येत नाही. बातमी सांगायची तर नाव लागतं. बाळाचं नाव काय?"

शिंपुली म्हणाली, "नावच नव्हतं ठेवलं रे दादा. आज ठेवणार होते."

 

मग येसूमावशी पुढे आली. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "बाळ होतं ना?"

शिंपुली म्हणाली, "होतं."

"टुक म्हणायचं ना?"

"म्हणायचं."

"मग झालं तर. बाळ होतं, तर नावही हवं. बारसं होणार. आज मी आत्या."

कोळीकाकांच्या पोटात एव्हाना नवा धागा तयार झाला होता, तो त्यांनी काढला. शिंपुलीनं उसवलेलं पान पुन्हा शिवलं. भोक पाड, दोरा ओढ, टाका घाल. पानात कापूस ठेवला. कापसात टरफलाचे ते दोन निळे तुकडे ठेवले. मावशीनं घागरीतलं पाणी भोवती शिंपडलं. शेवग्याची फांदी उशाशी ठेवली. शेळी मागे बसली होती, तिला सगळ्यांनी पुढे बोलावलं.

मावशीनं पान हळूच झुलवलं. नाव बाळाच्या कानात सांगायचं असतं. पण बाळ कुठे होतं? मग मावशी आईच्याच कानाशी वाकली. म्हणाली, "कुर्र..."

सगळी आळी म्हणाली, "कुर्र..."

"निळू."

निळं निळं अंडं होतं ना, म्हणून निळू. मुलगा असता तरी निळू. मुलगी असती तरी निळू.

शिंपुलीनं चोच उघडली. पहिल्यांदाच तिनं बाळाला नावानं हाक मारली. "निळू. माझं निळू." आणि ती पुन्हा रडली. पण आता एकटी नव्हती. मावशी रडली, शेळी रडली, बेडूकसुद्धा रडला. कोणी म्हणालं नाही, पण. कोणी म्हणालं नाही, माझंही बघ ना.

मग कोंबड्यानं मान ताणली. इतकी ताणली, इतकी ताणली! आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी बांग दिली.

"कुकूच कू!
ऐका हो ऐका!
शिंपुलीचं बाळ, नाव निळू!
काल होतं हो होतं!
आज गेलं हो गेलं!
निळू आमच्या आळीचं!"

वरच्या आळीनं ऐकलं. नदीपलीकडच्या वाडीनं ऐकलं. जिथे जिथे बांग पोचली, तिथे तिथे निळूचं नाव पोचलं.

दिवस मावळला. सगळे आपापल्या घरी गेले. कोळीकाका मात्र गेले नाहीत. म्हणाले, "जाळं इथेच विणतो. कर्दळीच्या देठाशी. चालेल ना?" शिंपुली म्हणाली, "चालेल काका."

सकाळी पान डुललं. घर डुललं. शिंपुलीनं आत बघितलं. निळे तुकडे होते. टुक काही आलं नाही. शिंपुलीला वाईट वाटलं. मग तिनं पंख उचलून बघितले. जरा उचलले. ती कुंपणापर्यंत गेली. कशी गेली? भुर्र. अगदी एवढंसं भुर्र.

कोंबड्यानं बांग दिली, ती आळीनं ऐकली. आळीनं मला सांगितली, मी तुम्हाला सांगितली. आता तुम्ही कोणाला सांगणार? आणा बरं कान इकडे. अजून जवळ. हळूच हं.

कुर्र... निळू.